दाजीकडे वळवलेली हाक

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. कुणाला बाभळीखाली बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात... वाचायचं, हसायचं आणि ड्यूटीला लागायचं. नर्स आहे मी. माणसं मरताना पाहिली, मेल्यावर त्यांना पुसून-गुंडाळून नातेवाइकांच्या हवाली केलं. त्यातलं एकही परत आलं नाही. त्यामुळे असलं काही मानणाऱ्यांचा मला रागच यायचा. तसा मला राग बऱ्याच गोष्टींचा येतो, घरचे म्हणतात शैलाचा राग नाकाच्या शेंड्यावर. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला क्षमेवर व्याख्यान द्यायला नको.

आम्ही औसा तालुक्यातले. माझी मोठी बहीण कुसुम, आमची अक्का, जवळच्याच एका गावात दिलेली होती. भूकंपात ते गाव गेलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत.

गणपती बोळवून गाव झोपलं होतं तेव्हाची गोष्ट. मी नववीत होते, सणाला अक्काकडे आले होते. शेजारी चाँदबी नावाची बांगड्या विकणारी बाई राहायची, तिची मुलगी माझी मैत्रीण. त्या रात्री अक्का झोपल्यावर मी तिच्याजवळून उठून मैत्रिणीकडे गेले आणि गप्पा मारत त्यांच्या अंगणातच झोपले. म्हणून वाचले. भिंतीचे दगड पायावर आले, शुद्ध हरपली, आणि जाग आली ती लातूरच्या दवाखान्यात. अक्का घरातच होती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद... तिला तिसऱ्या दिवशी काढलं, तेव्हा ती गेलेली होती.

अक्काचा नवरा, म्हणजे आमचा दाजी, त्या रात्री शेतावर राखणीला होता. उजाडता उजाडता पळत आला. त्यानंतर काय झालं ते चाँदबीने पाहिलं. तिच्या अंगावर कमरेपर्यंत ढिगारा होता, हलता येत नव्हतं, पण डोळे-कान शाबूत होते. मी पायाला प्लास्टर घालून घरी आले तेव्हा ती आमच्याकडे मुद्दाम आली आणि वडिलांना म्हणाली, “अल्लाकसम सांगते दादा, तुमची लेक दोपारपतोर हाका मारीत व्हती. शब्द कळंनात, पर आवाज तिचाच. मिल्ट्रीचे जवान आले, इचारले, आत कोन हाय का? तुमचा जावई म्हनला, कुनी न्हाई, बायकू माहेरी गेल्याली हाय. आन् ते फुडं गेले. मी वरडले, पर माझं कुनी ऐकलं न्हाई.”

वडील दाजीला विचारायला गेले. तो म्हणाला, चाँदबीला येड लागलंय, तिचं स्वतःचं घर गेलंय, काहीबाही बरळते. चार माणसांनी मान डोलावली. सरकारी माणसाची गोष्ट आणि बांगडीवालीची गोष्ट, लोक कुणाची खरी मानणार? तो तेव्हा हायस्कूलला सायन्सचा मास्तर होता. वर्षाच्या आत त्याने दुसरं लग्न केलं, अक्काला मूल नव्हतं, कुणी नावही ठेवलं नाही. आणि मग लातूरला जाऊन त्याने क्लास काढला. त्या काळात लातूरला ज्याने फळा टांगला त्याचं नशीब उघडलं. नांदेडहून, बीडहून, पार विदर्भातून पोरं यायला लागली. दाजीचे ‘सर’ झाले. एस.टी.तून उतरावं तर समोर मोठ्या बोर्डावर हा, हाताची घडी घालून, खाली दहाबारा पोरांचे फोटो... मी नांदेडला नर्सिंग करत होते, सुट्टीत घरी जाताना लातूरला गाडी बदलावी लागायची. मी स्टँडवर त्या बोर्डाकडे पाठ करून बसायची.

एकदा मात्र राहवलं नाही. सरळ क्लासमध्ये गेले. ऑफिसात पालक बसले होते. त्यांच्यासमोर विचारलं, “दाजी, अक्का आत असताना तुम्ही जवानांना माघारी का पाठवलं?” तो उठला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पालकांना म्हणाला, “माझी मेव्हणी हाय. भूकंपात डोक्याला मार लागला हो बिचारीच्या.” त्या बायांनी माझ्याकडे असं काही कळवळून बघितलं! मार माझ्या पायाला लागला होता. मी तिथून बाहेर पडले ती एकच गोष्ट मनात धरून... याला एक दिवस उत्तर द्यावं लागलं पाहिजे.

आता काँगो.

लोक विचारतात, काँगोत कशाला गेलीस? भूकंपानंतर लातूरच्या दवाखान्यात माझ्या पायाचं ड्रेसिंग करायला एक परदेशी नर्स असायची. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं, पण ती रोज यायची. तेव्हाच ठरवलं होतं की आपणही कधीतरी असं कुठेतरी जायचं. लग्न केलं नव्हतं, आई-वडील गेले होते, मागे एक भाऊ. एका परदेशी संस्थेचं बोलावणं आलं आणि मी गेले. नदीकाठचं गाव, मोठ्या शहरापासून होडीने काही दिवस लांब, लाकडी फळ्यांचा दवाखाना, वर पत्रा. आणि चहूकडे जंगल. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरमागे पळायचं, तिथे धुतलेला कपडा आठवडाभर वाळायचा नाही. मिठाचं पाणी व्हायचं. इथून हौसेने नेलेल्या ज्वारीच्या पिठाला बुरशी आली, मी चक्क रडले. तिथले लोक कसल्याशा कंदाचं पीठ पानात गुंडाळून उकडतात, त्याच्याबरोबर मी मिरचीचा ठेचा लावून दिला, तेव्हा कुठे माझी त्यांच्याशी गट्टी जमली.

तिथली सुईण मामा एलोदी. तिथे मोठ्या बाईला ‘मामा’ म्हणतात, म्हणजे आई. मी मोडकंतोडकं फ्रेंच बोलायची आणि ती पोट धरून हसायची. बाळंतपणं आम्ही दोघी मिळून करायचो.

तर तिथे मला नाव पडलं ‘मामा ओ’. त्याचं कारण असं. भूकंपानंतर आमच्याकडे एक रीतच पडून गेलीय. हाक आली की लगेच ओ द्यायची. हातातलं काम टाकून, कुणाची हाक ते न बघता. कारण ढिगाऱ्याखाली ज्यांच्या हाकेला कुणी ओ दिली ती माणसं तग धरून राहिली. आमच्या भागातली लहान लेकरंसुद्धा हे शिकून मोठी झाली. त्यामुळे वॉर्डात कुणी ‘मामा शैला’ म्हटलं रे म्हटलं की माझं ‘ओ!’ तयार. पेशंट मुद्दाम हाका मारून मजा बघायचे.

एलोदीला मात्र ते खपायचं नाही. एकदा झाडीकडून कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं, मी सवयीने ओ दिली, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, “वॉर्डात दे. जंगलातून आलेल्या हाकेला ओ देऊ नकोस. ज्यांचं काही राहून गेलंय ते बोलावतात. ओ दिलीस की हाक तुझ्या मागे लागते. अगदीच द्यायची असेल तर दुसऱ्या कुणाचं नाव पुढे कर, म्हणजे ती त्याच्याकडे जाते.” मी म्हटलं, “आमच्याकडे ओ न देणारा माणूस पापी.” ती म्हणाली, “इथे मूर्ख.” आम्ही दोघी हसलो. विषय संपला.

मग त्या वर्षीचा पोळा आला. दिवस पक्का लक्षात आहे, कारण सकाळी भावाला फोन लावला होता. दवाखान्यामागच्या टेकाडावर चढलं तरच रेंज यायची. भाऊ म्हणाला, “बैलं धुऊन राहिलोय. देवणीची जोडी घेतलीय औंदा, बगायला पायजे व्हतीस.” मग म्हणाला, “आणिक एक हाय. सांगू का नगं... दाजीनं अक्काच्या नावानं बक्षीस ठिवलंय. पोरींसाठी. अक्काचा फोटू छापलाय पेपरात, हार घालून.”

मी फोन ठेवला. टेकाडावरून खाली कशी आले आठवत नाही. जिचा आवाज दाबला तिचाच फोटो स्टेजवर! दुपारी पाऊस उघडला, मी आणि एलोदी बाळंतिणींच्या खोलीमागे चादरी वाळत घालत होतो, पण माझं डोकं भणाणलेलं. चादरी अशा पिळत होते जणू त्याची मानच हातात आहे.

तेवढ्यात एलोदी थांबली. माझ्या आधी तिने ऐकलं, हे मुद्दाम सांगते. मग मला ऐकू आलं.

“शैले... ए शैले...”

झाडीतून. खणखणीत. शेवटचा ‘ले’ जरा लांबवलेला. मला या जगात ‘शैले’ म्हणणारी एकच बाई होती, आणि ती तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून निघाली होती. काँगोतल्या त्या गावात सगळे मला ‘मामा शैला’ नाहीतर ‘मामा ओ’ म्हणायचे. एलोदीने माझं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली... नाही, नाही.

पुन्हा आली. “शैले...”

भीती वाटली का? नाही. वाटला तो राग. इतकी वर्षं साठलेला सगळा राग एकदम वर आला. मी मनगट सोडवून घेतलं आणि आमच्या भाषेत ओरडले, “अक्का, म्या न्हाई! मला नगं बलावू! ज्यानं तुला आत ठिवलं त्याला बलाव! दाजीला बलाव!” आणि त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, गावासकट, घसा फाटेस्तोवर घेतलं.

पुढची हाक अर्ध्यात तुटली. ‘शै’ एवढंच आलं आणि बंद.

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. एलोदी मात्र चिडली. “कुणाला तरी मागे लावून दिलंस ना? मला तुझी भाषा कळत नाही, पण सूर कळतो.” मी म्हटलं, ज्याला लावली तो त्याच लायकीचा आहे. ती म्हणाली, “असेल. पण बाई तुला बोलावत होती. काय सांगायचं होतं ते ऐकून तरी घ्यायचं होतंस. आता हाक त्याच्याकडेच राहणार. तुला नको झालं तर तू स्वतः ओ द्यायची, ‘मी इथे आहे’ म्हणायचं. मग ती शांत होईल आणि त्याच्यामागचंही सुटेल.” मी चादर उचलली आणि आत गेले.

भावाला यातलं मी काही सांगितलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आले, तर स्टँडवर घ्यायला आला तोच मुळी हसत. “दाजीचं कळलं का? येडं झालंय येडं!”

मग सगळं बाहेर आलं. पोळ्याच्या दिवशी क्लासला सुट्टी नव्हती. दुपारच्या बॅचला दाजी फळ्यावर गणित सोडवत होता. मध्येच थांबला, मान वळवली आणि मोठ्यांदा म्हणाला, “ओ!” खडू ठेवला, बाहेर रस्त्यावर जाऊन आला, पुन्हा शिकवायला लागला. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग दिवसातून कितीही वेळा. जेवता जेवता ‘ओ’, फोनवर बोलता बोलता ‘ओ, आलो आलो’. आणि अक्काच्या नावाच्या बक्षिसाचा तो समारंभ... हॉल खचाखच भरलेला, हारातली अक्का टेबलावर, आणि हा माइकसमोर उभा राहून ओरडतोय, “ओ! आलो! दगड काढलालोय, थांब जरा!” कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. लातूरभर फिरलं. पालकांनी पोरं काढून दुसरीकडे घातली. बोर्ड उतरले. डॉक्टर झाले, पुण्याचे झाले, गोळ्या झाल्या. ओ काही थांबेना.

भावाने मला तो व्हिडिओ दाखवला. मी तीनदा बघितला. चौथ्यांदा बघणार होते, भाऊ म्हणाला, “पुरे की गं.”

दोन दिवसांनी दाजीच्या दुसऱ्या बायकोचा, सुरेखाचा फोन आला. तिच्यावर माझा राग नाही, तिला बिचारीला काय ठाऊक. “शैलाताई, येकदा येऊन जावा. ते तुमचंच नाव घेतेत.”

गेले. वाटलं, डोळ्यांनी बघावं तरी. बेडरूमच्या फरशा उचकटलेल्या होत्या, खाली मुरूम दिसत होता. दाजी भिंतीला टेकून बसलेला. निम्मा झाला होता. बोटांची नखं गेलेली, चिंध्या बांधलेल्या, त्याही मळलेल्या. मी नर्स. कुणाचीही जखम बघितली की हात आपोआप पुढे जातो. त्या दिवशी गेला नाही.

“काय दाजी,” म्हटलं, “माझ्या डोक्याला मार लागलाय म्हणत होता ना?”

त्याने वर पाहिलं. “शैला, ती मला हाक मारीत न्हाई गं.”

“मग कुणाला मारते?”

“तुला. ‘शैले, शैले’ म्हणती. हाक तुझी हाय, पर ओ माझ्या तोंडातनं निघती. दाबली तरी निघती.”

मी उभीच होते, खाली बसले. पोळ्याच्या दुपारी झाडीतून आलेली हाक मी कुणालाही सांगितली नव्हती. ‘शैले’ हा शब्द त्याला कुठून कळला? म्हणजे, अक्का मला तसं म्हणायची हे त्याला माहीत असेल... पण आत्ता, हेच?

तो बोलतच होता. “तवाबी तुझंच नाव घेत व्हती. आत व्हती तवा. तिला वाटलं, तू बी आतच हायस. तिच्याजवळच निजली व्हतीस ना तू? ती झोपल्यावर उठून गेलीस, तिला काय म्हाईत. अंधारात चाचपून राहिली असंल. ‘शैले, ओ दे. शैले, ओ दे की.’ येकदाबी ‘मला काढा’ म्हणली न्हाई.”

सुरेखा दारात उभी होती. तिने हातातला चहाचा कप तिथेच खाली ठेवला.

“आणि तुम्ही ते ऐकत उभे होतात,” मी म्हटलं.

“व्हय.”

“जवानांना काय सांगितलं?”

“माहेरी गेलीय म्हणलो.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने कबूल केलं. “लेकरू होईना. दुसरी करतो म्हणलं तर ती आडवी पडायची. ही गेली तर वाट मोकळी, येवढं येकदाच मनात आलं बघ. तोंडातनं निघून गेलं. ते लोक गल्लीच्या टोकाला जाईस्तोवर वाटत व्हतं, परत बलवावं. बलवलो न्हाई.” मग तो हात जोडून माझ्याकडे सरकला. “तू ओ दे तिला. तू दिलीस की ती गप व्हईल. मला ठावं हाय.”

एलोदीचं बोलणं मी लातुरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्याला कसं ‘ठावं’ होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

मी म्हटलं, “आधी गावात चला. चाँदबीसमोर, सगळ्यांसमोर बोला. मग बघू.”

तो आला. सुरेखानेच जीप ठरवली. भूकंपानंतर गाव दुसरीकडे नव्याने वसलं आहे, तिथे मारुतीच्या देवळासमोर सकाळी माणसं जमली. दाजी उभा राहिला आणि मला सांगितलं तसंच, एक शब्द न गाळता बोलला. मध्ये दोनदा ‘ओ’ म्हणाला, तेव्हा कुणी हसलं नाही. चाँदबी आता पार वाकलीय. ती काठी टेकत त्याच्यासमोर आली. “इतके साल मला येडी म्हनलास. आता बोल, येडी कोन?” तिने काठी उचलली, मारते की काय वाटलं, पण तशीच खाली ठेवली आणि रडायला लागली.

दाजीने माझ्याकडे पाहिलं. “शैला. आता ओ दे.”

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. एक शब्द, तोही एका अक्षराचा. घशाशी आला होता. अक्काचा चेहरा समोर होता, अंधारात माझं अंथरूण चाचपणारी... आणि त्याच वेळी दाजीचा चेहरा दिसला. त्यावर आशा होती. आज शांत झोप लागेल अशी आशा. ती बघितली आणि मी दात आवळून धरले. जीपमध्ये जाऊन बसले, ड्रायव्हरला म्हटलं, चल.

याला आता बरेच दिवस झाले. काँगोला मी परत गेले नाही, नांदेडलाच एका हॉस्पिटलात आहे. सुरेखाचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो, मी उचलत नाही. भाऊ म्हणतो दाजी अजून तसाच आहे, उलट वाढलंय. डॉक्टर मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अपराधी मन असं करतं. असेल. मग पोळ्याचीच दुपार कशी? तो जन्मात कधी त्या जंगलात गेला नाही, त्याला ओ देण्याची अट कुणी सांगितली? कुणी काही समजावून सांगेल अशी अपेक्षाही उरलेली नाही.

मला वेगळंच विचारायचं आहे, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. मी ओ दिली तर अक्काला कळेल की मी वाचले, आणि ती थांबेल. पण त्याच क्षणी तोही सुटेल. नाही दिली तर तो अडकून राहील, आणि अक्का मला शोधत राहील. अक्का सुटावी आणि तो मात्र सुटू नये, असा काही मार्ग इथल्या कुणाला माहीत असेल तर कृपा करून सांगा. त्याला माफ कर, हे सांगायला लिहू नका. मार्ग सापडेपर्यंत मी गप्प राहणार आहे, आणि ती मला हाका मारत राहणार आहे, हे मला माहीत आहे.